शेततळ्यात अडकलेलं कासव: सांगोल्यातल्या एका फ्लॅपशेल मादीची पूर्ण केस

२०२३ च्या दिवाळीत मी मामाकडे गेले होते, सांगोला तालुक्यात. त्या वर्षीचा पाऊस आठवत असेलच, अख्खा ऑगस्ट कोरडा गेला आणि ऑक्टोबर संपता संपता सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सांगोला पण होता. मामाच्या रानाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे, पुढे माण नदीला जाऊन मिळतो, त्यात दिवाळीला चिखलसुद्धा उरला नव्हता, नुसती भेगाळलेली माती. सगळ्या शिवारात पाणी म्हणून जे चमकत होतं ते मामाचं शेततळं, डाळिंबासाठी केलेलं, ३० बाय ३० मीटरचं, आत ५०० मायक्रॉनचा काळा कागद. (आमच्याकडे त्या प्लॅस्टिकला सगळे कागदच म्हणतात.)

मामी म्हणाली, "तळ्यात कासव हाय, बघायला चल." मामा खूश होता. "तीन म्हैनं झालं ऱ्हातंय. पाणी चांगलं ऱ्हातंय त्याच्यामुळं, आन कासव घरी येणं चांगलंच असतंय की." मामी रोज उरलेली भाकरी कुस्करून टाकायची, दोघांनी खरंच मायेनं ठेवलं होतं, हे आधीच सांगते कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात चूक कुणाची असं काही नाही.

मी तळ्याच्या बांधावर तासभर बसून राहिले. कासव मजेत पोहत नव्हतं. ते कडेकडेनं फिरत होतं, नुसतं लांब नाकाड पाण्याबाहेर, आणि कोपऱ्यात आलं की पुढचे दोन्ही पाय कागदावर टेकवून वर चढायला बघायचं, वीतभर चढायचं, मग सर्रकन खाली. परत कड धरायची, पुढचा कोपरा, परत तेच. तासाभरात १९ वेळा मोजलं मी. कागदावर शेवाळाचा हिरवा थर बसला होता आणि त्या थरावर चारही कोपऱ्यात रेघाच रेघा होत्या, तीन तीनच्या जोडीनं, एकमेकींना समांतर, पाण्याच्या पातळीपासून हातभर वरपर्यंत. काही ताज्या, काही जुन्या आणि परत शेवाळ चढलेल्या. म्हणजे हे आजचं नव्हतं, आठवडेच्या आठवडे चाललं होतं, आणि वर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण बांधावरनं बघितलं की कासव पोहतंय एवढंच दिसतं.

त्या तीन रेघांवरूनच मला जात कळली. आपल्याकडच्या मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला बोटं पाच असली तरी नखं तीनच असतात, चार पायांची मिळून बारा. (ते २० नखी कासव, पैशाचा पाऊस वगैरे जे चालतं आणि त्यापायी जे जीव पोत्यात भरून विकले जातात, त्याचा मला फार राग येतो.) आपल्या तळ्यात, ओढ्यात, भातखाचरात जे सगळ्यात जास्त दिसतं ते हे इंडियन फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पंक्टाटा म्हणजे ठिपकेवालं, पण पिवळे ठिपके उत्तरेकडच्या फ्लॅपशेलच्या पाठीवर असतात, आपल्याकडचं बिनठिपक्याचं, ओल्या मातीसारखं हिरवट तपकिरी. आपली ही उपजात व्हिटाटा, १८५४ मध्ये पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं.

नावातलं फ्लॅप म्हणजे काय ते उलटं केल्यावरच कळतं. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात, पाय आत ओढले की झडपा वर येऊन दार लावल्यासारख्या बसतात. पुढचा भाग पण वर उचलून तोंड झाकतो. इतर मऊ पाठीची कासवं संकटात चावतात नाहीतर पळतात, हे चावतं पण आणि स्वतःला बंद पण करून घेतं. या बंद होण्याचा दुसरा उपयोग केसमध्ये पुढे येतोय.

मामाला पहिला प्रश्न मी विचारला की हे आत आलं कसं. तळ्याला तारेची जाळी आहे पण खालून कुठेतरी वीतभर फट असतेच. फ्लॅपशेलला खोल वाहती नदी लागत नाही, त्याला साचलेलं, गढूळ, उथळ पाणी आवडतं, तळाला गाळ पाहिजे, कडेला गवत पाहिजे. बेडूक, बेडकांची पिल्लं, मासे, गोगलगायी, किडे, मेलेलं काही, पाणवनस्पती, पडलेली फळं, सगळं खातं. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं असं म्हणतात त्यात तथ्य एवढंच की ते मेलेलं खाऊन टाकतं. आणि जिथे आहे तिथलं पाणी आटायला लागलं की हे कासव जमिनीवरून चालत दुसरं पाणी शोधायला निघतं. ऑगस्टमध्ये ओढा आटला आणि बाई वर चालत निघाल्या, पाण्याचा वास घेत म्हणा किंवा उतार धरून म्हणा, आणि जाळीखालून आत आल्या. आत उतरणं एका सेकंदाचं काम होतं.

आता खरी अडचण. शेततळ्यात पाणी भरपूर होतं, बेडूक होते, मामी भाकरी टाकत होती, मग त्रास कसला? त्रास हा की त्या पाण्याला तळ नाही आणि काठ नाही. फ्लॅपशेलचा निम्मा जीव चिखलात जातो, दिवसा गाळात रुतून नुसतं नाक वर काढून बसायचं, काठावर येऊन ऊन खायचं, उन्हाळ्यात पाणी आटलं की मातीत स्वतःला गाडून घ्यायचं. मादीला तर अंडी घालायला जमीनच लागते, गोल, पांढरी, कडक कवचाची, जेमतेम अडीच तीन सेंटीमीटरची अंडी ती मातीत खड्डा करून घालते. अंडी मातीत महिनोन् महिने थांबतात, आतली वाढ काही काळ थांबून राहते आणि पिल्लं साधारण पुढचा पाऊस लागला की बाहेर येतात. प्लॅस्टिकच्या डब्यात हे कुठे करायचं? गोड्या पाण्याच्या कासवाला पाणी दिलं की झालं असं आपल्याला वाटतं, पण पाणी म्हणजे त्याच्या घराची फक्त एक खोली.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, "मला वाटलं सुखात हाय." आणि लगेच, "काढू आपण."

काढायच्या आधी १९२६ ला फोन केला, महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे ती. हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच, पकडणं, पाळणं, विकणं यावर ३ ते ७ वर्षं शिक्षा. आपला हेतू चांगला असला तरी कुठून तरी उचलून कुठेतरी सोडणं आपण परस्पर करायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षक आले, तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. डाळिंबाचा क्रेट, चार कोपऱ्यांना दोरी, आत फडक्यात सुकट बांधली आणि कोपऱ्यात पाण्यात सोडून बांधावर बसून राहिलो. सुकटीच्या वासाला संध्याकाळी सहाला आली आत.

धरायचं कसं ते सांगते कारण इथे लोक बोटं घालवून बसतात. या कासवाची मान तुम्हाला वाटते त्याच्यापेक्षा खूप लांब असते, मागे वळून पाठीच्या अर्ध्यापर्यंत सहज पोचते. म्हणून कवचाच्या अगदी मागच्या टोकाला, मागच्या पायांच्या जवळ दोन्ही बाजूंनी धरायचं, ओलं कापड घेऊन, जमिनीच्या जवळच. पाठ २३ सेंटीमीटर भरली, ताणकाट्यावर वजन पावणेदोन किलो. शेपूट आखूड, म्हणून मादी. अंगावर जखम नव्हती पण पुढच्या पायांची मधली नखं झिजून बुडापर्यंत आली होती, उजव्या पायाला नखाच्या मुळाशी लाल झालं होतं. मामीने ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मग प्रश्न आला सोडायचं कुठे, आणि या केसमधला सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. कुणीतरी म्हणालं उजनीला न्या, भरपूर पाणी. वनरक्षक नको म्हणाले आणि मला पण ते पटलं, ६०-७० किलोमीटरवर अनोळखी जागी मोठ्या धरणात नेऊन टाकण्यात सोय आपली असते, कासवाला आपला ओढा, आपला उतार, आपल्या लपायच्या जागा माहीत असतात. शेजारच्या विहिरी सगळ्या सिमेंटच्या रिंगांच्या, म्हणजे उभ्या भिंतीचं तेच शेततळं. गावाखालच्या पाझर तलावात थोडं डबकं होतं, पण ते महिन्याभरात आटणार हे दिसत होतं आणि तिथे कुत्र्यांची टोळी. म्हणजे त्या नोव्हेंबरमध्ये दोन किलोमीटरच्या आत चांगलं पाणी एकच, मामाचं. फिरून तिथेच.

शेवटी ठरलं की तिला कुठे न्यायचंच नाही, तळ्यालाच काठ द्यायचा. आत जायचं का बाहेर यायचं ते तिचं ती बघेल. आणि बाहेर आल्यावर माती पाहिजे तर ती पण होती, तळ्याच्या खालच्या बाजूला ड्रिपचा सँड फिल्टर आहे, तो आठवड्यातून दोनदा धुतात, त्याचं गढूळ पाणी एका बोरीच्या झाडाखाली जिरतं. तेवढाच कोपरा अख्ख्या रानात ओला आणि मऊ होता. वनरक्षकांनी बघितलं, हो म्हणाले, नोंद करून घेतली, नखाला हळद वगैरे काही लावायची नाही असं मामीला सांगून गेले.

पहिला उपाय आमचा चुकला आणि तो माझाच होता. मी सुचवलं शेडनेटचा तुकडा कोपऱ्यातून आत सोडू, नखांना पकड मिळेल. तिला परत तळ्यात सोडलं, रात्री तो तुकडा पण सोडला आणि सकाळी बघतो तर नखं जाळीत अडकलेली, सुटायच्या धडपडीत मानेभोवती पण एक पदर आलेला, नाक कसंबसं पाण्यावर. मामा कमरेला दोरी बांधून उतरला, दोर मी आणि मामेभावाने धरला, त्याने विळ्याने जाळी कापून तिला सोडवलं, ती त्याच्या हाताला चावली पण त्याने सोडली नाही. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर ती गेली असती, फ्लॅपशेल कातडीतून आणि घशातून पाण्यातला थोडा ऑक्सिजन घेऊ शकतं पण तेवढ्यावर जास्त वेळ भागत नाही, वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. म्हणून कळकळीने सांगते, जाळी कुठलीच नको, शेडनेट नको, मासे धरायचं जाळं नको, कांद्याच्या गोण्या पण नकोत.

आणि मामाला वर ओढताना अजून एक गोष्ट झाली. कागदावर त्याचा पण पाय ठरत नव्हता. पन्नाशीचा कष्टाचा माणूस, दोन जण दोर ओढतायत तरी तीनदा घसरला. वर आल्यावर मामी रागानं थरथरत म्हणाली, "माणसं बुडत्यात ह्यात, पोरंसोरं बुडत्यात, आन आपण एक दोर बी बांधला न्हाय इतकी वर्सं." मामेभावाची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्याच्यानंतर कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही, त्याच दुपारी सगळे कामाला लागले.

दुसरा उपाय असा. मोटरसायकलचे जुने टायर, नऊ लागले, एकाखाली एक दोरीने शिडीसारखे बांधले, वरचं टोक बांधाबाहेरच्या लोखंडी खांबाला. टायरांवर काथ्याची जाड पट्टी अंथरून ठिकठिकाणी सुतळीने आवळली. खालचं टोक तळापर्यंत गेलंच पाहिजे, कारण उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि अर्ध्यावर लोंबणारी शिडी तिच्या काही कामाची नाही. वजनाला दगड लावायचे नाहीत, कागद फाटतो, त्याऐवजी पाच लिटरच्या कॅनमध्ये वाळू भरून ते बांधले. आणि जागा कोपऱ्याची, कारण ती कड धरून फिरते, मधे कुठेतरी लावलेली शिडी कासवाला सापडायला वेळ लागतो. खर्च काथ्याचा आणि दोरीचा, पाचशेच्या आत. समोरच्या कोपऱ्यात मामाने दुसरी नुसती टायर आणि गाठींच्या दोराची बांधली, माणसांसाठी.

तिसऱ्या रात्री ती बाहेर आली. सकाळी बोरीखालच्या ओल्या मातीत खुणा होत्या, मधे पोट घासत गेल्याचा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना पायांचे ठसे. दुपारी परत तळ्यात. मी पुण्याला आले पण मामाचा फोन आठवड्याला यायचा, आधी कासवाचं आणि मग घरचं. डिसेंबर जानेवारीत ती दुपारी टायरवर येऊन ऊन खायची, माणसाची चाहूल लागली की धपकन पाण्यात. भाकरी बंद केली होती, तिला तळ्यात खायला होतंच.

फेब्रुवारीच्या शेवटाला ती दिसेनाशी झाली. मामा म्हणाला कोल्ह्याने नेली असणार, आणि त्याला ते फार लागलं, दोन रात्री बॅटरी घेऊन हिंडला रानात. मी म्हटलं बघू, पण मला पण खात्री नव्हती.

मे महिन्यात, ऊन ४२-४३ ला टेकलेलं असताना, मामा बोरीखाली फिल्टरच्या पाण्याचा चर साफ करत होता. खोऱ्याला काहीतरी लागलं. वीतभर खाली ती होती. लगेच व्हिडिओ कॉल केला, मामाचा हात थरथरत होता त्यामुळे आधी नुसतीच माती दिसत होती. कवचावर वाळलेल्या मातीचा थर, डोकं पूर्ण आत, मागच्या झडपा इतक्या घट्ट की मधे कागद सरकणार नाही. मी वर म्हटलं ना झडपांचा दुसरा उपयोग, तो हा असणार असं मला वाटतं, अंगातली ओल धरून ठेवायचा. मामाला वाटलं मेलीय. मी म्हटलं हात लावू नको, थांब. पाच एक मिनिटांनी पुढचा भाग जरासा उघडला, नाकाचं टोक दिसलं, परत आत.

"पाणी मारू का तिच्यावर?" मामाने विचारलं. मी नको म्हटलं. अशा अवस्थेत कासवाचं सगळं मंदावलेलं असतं, पाणी पडलं की पाऊस आला समजून ते उठून चालायला लागू शकतं, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या रानात चालत कुठे जाणार. आहे तशी, तोंड त्याच बाजूला ठेवून, माती भुरभुरून परत झाकायची, दाबायची नाही. मामाने तसंच केलं, वर बोरीच्या दोन फांद्या टाकल्या म्हणजे कुत्रं उकरणार नाही, आणि चर दोन फूट सरकवून घेतला. चार फोन करून मला परत परत विचारलं, नीट झाकलं ना मी.

२०२४ चा पाऊस लवकर आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओढ्याला पाणी लागलं होतं. एका सकाळी मामा गेला तर फांद्या बाजूला, मधे कासवाच्या आकाराचं भोक, पाण्याने भरलेलं, आणि खुणा या वेळी तळ्याकडे नाही तर खाली ओढ्याकडे. फोटो पाठवला त्याने, आमच्या घरच्या ग्रुपवर त्या फोटोला लग्नाच्या फोटोएवढे मेसेज आले. नंतर जुलैत एकदा ओढ्याच्या डोहात एक नाक वर आलेलं दिसलं असं मामेभाऊ म्हणतो, तीच होती का दुसरं कुठलं ते काही सांगता येत नाही.

ही जात सगळीकडे दिसते म्हणून कुणी फार लक्ष देत नाही. आपल्याच भागातलं लीथचं कासव, १८७२ मध्ये ज्याची शास्त्रात नोंद झाली तो नमुना पुण्याचा होता, ते आज नामशेष व्हायच्या काठावर आहे, अतिसंकटग्रस्त यादीत. फ्लॅपशेलला पण आता आययूसीएनने (कुठल्या जातीला किती धोका आहे त्याची जागतिक यादी करणारी संस्था) असुरक्षित धरलंय, आधी ते बिनधोक समजायचे. २०१६ पासून मागेल त्याला शेततळे योजनेत किती तळी झाली ते आपल्या डोळ्यासमोर आहे, ती हवीतच, डाळिंब त्याच्यावर जगतं, मामाचं घर त्याच्यावर चालतं. फक्त प्रत्येक कागदाच्या तळ्यात दोन कोपऱ्यांत टायर सोडायला एक दुपार लागते.

काथ्या वर्षभरात कुजतो, हे कुणी करणार असेल तर लक्षात ठेवा. २०२४ च्या दिवाळीत मी गेले तेव्हा मामाने नवीन पट्टी आणून ठेवली होती, मी येईपर्यंत थांबला होता, मग दोघांनी मिळून बांधली. शेजारच्या काकांनी पण टायर मागून नेले. बोरीखालचा कोपरा मात्र मामा कुणाला उकरू देत नाही, चर तर त्याने कायमचाच बाजूला घेतला. हिवाळाभर ती तिथे येऊन जाऊन होती, अंडी घालून गेली असेल तर आपल्या खोऱ्याखाली यायला नको, असं म्हणाला आणि बोरीला चार काट्या रोवून सुतळी बांधून घेतली.